पाणी जरा जास्त

भाच्यानं परवा माझ्यासमोर फोन धरला, तेव्हा कुणीतरी दवाखान्यात असल्याची बातमी आणावी तसा त्याचा चेहरा झाला होता. ज्या गेमसाठी तो गणपतीपासून पैसे साठवतोय, त्याला कुणा परीक्षकानं दहापैकी सात दिले होते. "मामा, सातच!" मी म्हटलं, "अरे, सात म्हणजे सत्तर टक्के. आमच्या वेळी सत्तर पडले असते तर आजीनं आळीभर पेढे वाटले असते." त्यानं दयेनं माझ्याकडे पाहिलं आणि समजावलं की, व्हिडिओ गेमच्या जगात सात म्हणजे जवळपास नापास. एकपासून सहापर्यंतचे आकडे आहेत म्हणे, पण तिथं सहसा कुणी राहत नाही. मला आमची वाडी आठवली. खालच्या अंगाची घरं वर्षभर कुलपात, माणसं मुंबईला. जी काय नांदती वस्ती ती वरच्या चार घरांत दाटलेली. तिथंही जागा पुरेना म्हणून दशांशचिन्हाचे पोटमाळे काढलेले, ७.८, ८.८. तोळ्यानं घ्यावा तो आनंद, गुंजेच्या हिशेबावर आलेला. भाचा पुढचा तासभर परीक्षणामागून परीक्षण वाचत राहिला. शेवटी नऊ देणारा एकजण सापडला, तेव्हा त्याच्या जिवात जीव आला. "हा बघ मामा," तो म्हणाला, "हा माणूस निःपक्षपाती आहे."

माझ्या आयुष्यातला पहिला गेम-परीक्षक चिपळूणला आमच्या आळीत राहायचा. आम्ही त्याला दादा म्हणायचो, कारण तो आमच्याहून चार वर्षांनी मोठा होता आणि टीव्हीला जोडायचा गेम आळीत फक्त त्याच्याकडे होता. कॅसेटीवर '९९९९ इन १' असं छापलेलं असायचं. आत मोजून सात-आठ गेम, बाकीचे तेच, पाहुण्यांसमोर पुन्हा पुन्हा फिरवलेल्या बशीसारखे. कॅसेट चालेना की दादा ती ओठांशी बासरीसारखी धरून फुंकायचा, आणि चालली की श्रेय अर्थात फुंकरीला. त्याची श्रेणीपद्धत सुटसुटीत होती: 'एक नंबर', 'टाइमपास' आणि 'भंगार'. 'काँट्रा' एक नंबर. 'डक हंट' टाइमपास. 'मारिओ'बद्दल मात्र त्याचं मत जरा चमत्कारिक होतं. पहिले पाच टप्पे एक नंबर, सहावा भंगार. "पुढं काय आहे, दादा?" "काही नाही रे. नुसतं पाणी." एवढं बोलून तो रिसेट दाबायचा. त्या आवाजात इतका अधिकार होता की, मे महिन्याची अख्खी सुट्टी सरली तरी सहावा टप्पा आम्हाला दिसला नाही.

दिसला तो दादा एका लग्नासाठी गुहागरला गेला तेव्हा. त्याच्या आईनं आम्हाला आत घेतलं, सरबत दिलं आणि रिमोट आमच्या हाती पडला. पाचवा टप्पा ओलांडून मारिओ एका नळकांड्यात शिरला, पाण्यात उतरला आणि संगीतच बदललं. १९८५च्या त्या गेममध्ये कोजी कोंडो या संगीतकारानं पाण्याखाली वॉल्ट्झ वाजवलाय, तीन मात्रांचा, आपल्या दादऱ्याच्या चुलत घरातला, हे मला फार उशिरा कळलं. त्या दुपारी एवढंच जाणवलं की धावपळ थांबली. बटण दाबलं की तो मिशीवाला प्लंबर दुपारच्या झोपेतल्यासारखा अलगद वर तरंगतो. पांढरी म्हाकुलं खाली-वर होतात. मासे कुठल्याही कामाची घाई नसल्यासारखे समोरून येतात. इतकं सुंदर काही त्या खोक्यात असेल असं वाटलं नव्हतं. हे भंगार कसं? उत्तर खरं तर रोज संध्याकाळी वाशिष्ठीच्या काठावर आमच्या डोळ्यांसमोर बसलेलं असायचं. आम्ही सगळे पाण्यात उड्या मारायचो आणि दादा आमचे सदरे मांडीवर घेऊन दगडावर बसायचा. "तुम्ही जा, मी बसतो इथं." वाशिष्ठीत मगरी आहेत हे लक्षात घेता आमच्यात तोच एक शहाणा म्हणायचा, पण मगरींचं कारण त्यानं कधी दिलं नाही. त्याला पोहता येत नव्हतं. पाण्याबद्दल त्याचं एक मत होतं आणि ते त्यानं संधी मिळाली तिथं नोंदवलं, इतकंच.

म्हणून २०१४ सालच्या एका परीक्षणाला जग हसलं, तेव्हा मला मनापासून हसता आलं नाही. पोकेमॉनचे 'ओमेगा रुबी' आणि 'अल्फा सफायर' हे गेम आले होते. आयजीएन या गेमविषयक संकेतस्थळाच्या परीक्षणात त्यांना ७.८ मिळाले आणि उणिवांच्या यादीत एक उणीव अशी होती की, गेममध्ये पाणी फार आहे. कोकणात येऊन नारळ फार आहेत म्हणावं, तसं लोकांना ते वाटलं. त्या एका वाक्याची थट्टा अजून चालू आहे. खरं तर तक्रारीत तथ्य होतं. गेममधला होएन प्रदेश जपानच्या क्युशू बेटावर बेतलेला, त्याच्या पूर्वेला दरियाच दरिया, आणि चार हात पुढं गेलं की टेंटाकूल नावाचा कुणीतरी पाण्यातला पोकेमॉन वाट अडवायला हजर. पण तथ्य असो-नसो, मला त्या वाक्यामागे मांडीवर सदऱ्यांची चळत घेऊन बसलेलं कुणीतरी दिसत राहिलं.

मतं नकोत, फक्त वस्तुस्थिती सांगा, अशी मागणी करणारे वाचक पुष्कळ असतात. डिस्ट्रक्टॉइड या गेमविषयक संकेतस्थळाच्या एका परीक्षकानं थट्टेनं ती पुरवलीही. 'फायनल फँटसी १३'चं शंभर टक्के निःपक्षपाती परीक्षण लिहून दाखवलं. ते साधारण पोलिसांच्या पंचनाम्यासारखं निघालं: गेम आहे, त्यात चित्रं आहेत, आवाज आहे. जपानच्या 'फामित्सू' नियतकालिकाला हे आधीच उमगलं असावं. त्यांनी १९८६पासून पक्षपात काढून टाकण्याऐवजी चार माणसांचा शेजारी शेजारी मांडला, प्रत्येकी दहा, एकूण चाळीस. चाळीसपैकी चाळीस पहिल्यांदा पडले ते १९९८ साली, झेल्डाच्या 'ओकारिना ऑफ टाइम'ला. चार माणसांचं एकमत व्हायला १२ वर्षं लागली, यात नवल नाही. आमच्या घरी आमटीच्या मिठावर अजून झालेलं नाही. पुढं मेटाक्रिटिक या संकेतस्थळानं असल्या सगळ्या आमट्या एका पातेल्यात ओतून सरासरी काढायला सुरुवात केली. २०१०च्या 'फॉलआउट: न्यू व्हेगास'च्या कर्त्यांचा बोनस म्हणे ८५वर ठरला होता आणि आकडा ८४वर थांबला. त्या एका गुणाची किंमत नंतर किती घरांनी मोजली असेल, या विचारानं सरासरी या शब्दाची मला तेव्हापासून जरा भीतीच वाटते.

पण माझं सगळ्यात लाडकं परीक्षण १९९४चं आहे. 'डूम' हा गेम म्हणजे हातात बंदूक, समोर नरकातून आलेले राक्षस आणि मध्ये विचार करायला जागा नाही. जग त्यानं वेडावलं होतं. इंग्लंडच्या 'एज' मासिकानं त्याला दहापैकी सात दिले (पुन्हा सातच!) आणि शेवटाकडे एक हळहळ व्यक्त केली: या जिवांशी दोन शब्द बोलता आले असते, मैत्री करता आली असती, तर गंमत आली असती. 'एज'च्या परीक्षणाखाली नाव नसे, त्यामुळे हे कुणाचं मन हे बाहेर कळायला मार्ग नव्हता. वर्षानुवर्षं लोक त्या ओळीवर खो खो हसले. मला मात्र तो अनामिक माणूस फार जवळचा वाटतो. चारी बाजूंनी आग, तोंडातून गोळे फेकणारे अक्राळविक्राळ देह, आणि याच्या मनात आलं की, अहो, जरा बसा, पाणी घ्या, कुठून आलात? लग्नघरात कोपऱ्यात एकट्या बसलेल्या पाहुण्याची विचारपूस करणारा एकजण प्रत्येक खानदानात असतो, तसा हा. २०१५ साली टोबी फॉक्स नावाच्या तरुणानं 'अंडरटेल' केला. त्यात राक्षसांशी बोलता येतं, त्यांना हसवता येतं, कुत्र्याला थोपटता येतं आणि एकालाही न मारता गेम पूर्ण होतो. लाखोंनी तो डोक्यावर घेतला. १९९४चा तो परीक्षक तेव्हा कुठं होता, त्यानं तो खेळला का, हे विचारायला त्या परीक्षणाखाली नावच नव्हतं.

दादाचं पुढं चिपळूणच्या बाजारात वह्या-पुस्तकांचं दुकान झालं. २०२१च्या जुलैत वाशिष्ठी बाजारपेठेत शिरली, तेव्हा त्याचं दुकान माळ्यापर्यंत बुडालं. रस्ते उघडल्यावर मी गेलो. तो फळीवर बसून भिजलेल्या वह्यांचे लगदे घमेल्यात टाकत होता. मला पाहून म्हणाला, "यंदा पाणी जरा जास्त झालं." आणि पुढचं घमेलं माझ्या हातात दिलं.

या मे महिन्यात तो माझ्याकडे राहायला आला. भाच्याच्या नव्या यंत्रात जुना मारिओही आहे. "काका, तुम्ही खेळायचात ना?" म्हणत त्यानं रिमोट दादाच्या हातात ठेवला. चष्मा कपाळावर सरकवून दादा सुटला. बोटांना सगळं आठवत होतं. कुठली वीट फोडायची, कुठं थांबायचं. पाचवा टप्पा संपला. मारिओ नळकांड्यात शिरला, निळा पडदा आला, तीन मात्रांचा तो जुना ठेका सुरू झाला. रिसेटचं बटण कुठं दिसेना. दादानं क्षणभर त्या पाण्याकडे पाहिलं आणि रिमोट भाच्याकडे सरकवला.

"तू जा," तो म्हणाला, "मी बसतो इथं." भाच्यानं पंख्याखाली काढून टाकलेला टी-शर्ट खुर्चीवरून घसरत होता, तो उचलून त्यानं नीट घडी केला आणि मांडीवर ठेवला.