तिथीची पाऊणपट

वैजापुरात पंचांग उघडतं ते लग्नाच्या तारखेसाठी, एकादशीसाठी, नाहीतर मृगाचं वाहन यंदा बेडूक आहे की गाढव ते बघायला. मी ते अलिबाग, रेवदंडा, राजपुरीला संध्याकाळचे फोटो काढायला जाण्यासाठी उघडतो, हे आमच्या आळीत अजून कोणाला पटलेलं नाही. एका शेजाऱ्यांनी तर घरात येऊन हळूच विचारलं, "काही शांत-बिंत करायची आहे का?"

किनाऱ्यावरची जुनी गावं दुपारी बघू नयेत. रेवदंड्याच्या पोर्तुगीज तटबंदीवर दुपारी बदामाची चित्रं आणि त्यात कोरलेली नावं दिसतात. दिवस मावळला की तिथंच इतिहास दिसायला लागतो. सूर्य क्षितिजाखाली गेला की त्याचा उजेड हवेतून लांबचा, तिरपा प्रवास करून येतो. वाटेत वरचा ओझोन त्यातला तांबडा-पिवळा भाग बराचसा गिळतो आणि आपल्या वाट्याला निळाई येते. त्या निळ्यात काळा दगड, खिडकीतला पिवळा दिवा आणि पाणी एकमेकांना सांभाळून घेतात. पण आपल्या अक्षांशावर सूर्य जवळजवळ उभाच बुडतो. वीस-पंचवीस मिनिटांत सगळा कारभार आटोपतो. उत्तर युरोपात उन्हाळ्यात हा उजेड तास तासभर रेंगाळतो. तिथले फोटोग्राफर मधल्या वेळात जेवून येत असतील. इथं लेन्सची टोपी कोणत्या खिशात ठेवली ते आठवेपर्यंत अंधार.

त्यात भरती-ओहोटी. कोकणात तिचा हिशेब पोरासोरांच्या तोंडी आहे: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. म्हणजे बुरुजाला पाणी टेकलेलं आणि वर संध्याकाळ, असा फोटो हवा असेल तर अष्टमी धरायची. अमावास्या-पौर्णिमेला नेमकी संध्याकाळी ओहोटी. तेव्हा अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात चालत किंवा घोडागाडीनं जाता येतं आणि ओल्या वाळूत तटाचं प्रतिबिंबही मिळतं. पौर्णिमेचा चंद्र मात्र समुद्रात नव्हे, पाठीमागं, माडांच्या आणि मोबाइल टॉवरच्या मधून उगवतो. अष्टमीची भरती भांगाची, बेताची. उधाणासारखी अंगावर येत नाही. टँकरच्या रांगेत वाढलेल्या माणसाला तेवढं पाणी पुरतं.

खरी अडचण माणसांची. ज्या वीस मिनिटांसाठी आपण तीनशे किलोमीटर तुडवून जातो, नेमकं तेव्हाच गाव मिटतं. पुरातत्त्व खात्याच्या वास्तूंमध्ये प्रवेश सूर्योदय ते सूर्यास्त. ट्रायपॉडला परवानगी वेगळी. सूर्य फोटोच्या लायकीचा झाला की राखणदार शिट्टी फुंकतो. जंजिऱ्याच्या शिडाच्या होड्या त्याआधीच परतलेल्या असतात. चहावाला स्टोव्ह विझवतो. ज्यांच्याकडं उतरलो त्या काकू दारातच अडवतात, "तिन्हीसांजेला कुठं निघालात? दार लोटा आधी, मच्छर येतात." आणि एवढ्यातून वाट काढून तिवई उभी करावी, तर धक्क्यावरचा हायमास्ट लागतो. हायमास्टच्या उजेडात सतराव्या शतकातला किल्ला आणि आमच्या बसस्टँडची मुतारी यांत फरक राहत नाही.

राजपुरीला मी मेहुण्यांना घेऊन गेलो होतो. कांदा निघालेला, हात रिकामे, म्हणून आले. समोर जंजिरा, आजूबाजूला वाळत घातलेला जवळा आणि त्याचा दणदणीत वास. मेहुणे माळकरी. नाकाला उपरणं लावून त्यांनी ते अथांग पाणी बराच वेळ न्याहाळलं.

"दाजी, एवढं पाणी अन् एक मोटार नाही."

"खारं आहे."

"सगळं?"

"सगळं."

त्यांनी समुद्राकडं पाठ केली आणि एका उलट्या टोपलीवर बसून राहिले.

म्हटलं, यांना इतिहासातून जवळ आणावं. सांगितलं, जंजिऱ्याचे सिद्दी हबशी. आपल्या जिल्ह्याचं गाव, तेव्हाची खडकी, १६१० मध्ये वसवणारा मलिक अंबरही हबशीच. म्हणजे आपण इथं पाहुणे. १६८२ च्या सुमारास संभाजीराजांनी खाडीत भराव टाकून थेट किल्ल्यापर्यंत वाट काढायला घेतली होती, तेही सांगितलं. मेहुणे ढिम्म. मग म्हणालो, किल्ल्यात गोड्या पाण्याचा तलाव आहे. ते ताडकन उठले.

"समुद्राच्या मधोमध गोडं पाणी? अन् आपल्याकडं सहाशे फुटांवर नुसता फुफाटा!"

मालवणच्या सिंधुदुर्गात दूधबाव, साखरबाव आणि दहीबाव अशा गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत, हे मी तेव्हा सांगितलं नाही. माणसाला एका दिवशी किती दुखवायचं?

तेवढ्यात उजेड निळा झाला. वीस सेकंद शटर उघडं ठेवलं की लाटांचं धुकं होतं, डुलणाऱ्या होड्या पुसट होतात, चालती माणसं नाहीशी होतात. म्हणजे पाण्यासाठी एवढ्या लांब यायचं आणि फोटोत तेच पुसून टाकायचं, हा या कलेचा न्याय. जे हलत नाही तेवढंच शाबूत उरतं. माझ्या प्रत्येक फोटोत दोन गोष्टी लख्ख आल्या आहेत: जंजिरा आणि मेहुणे.

त्यातला बरा फोटो मोठा करून घरी लावला. येणारे-जाणारे बघतात, मान डोलावतात. एकानं विचारलं, "नारंगी धरण भरलं वाटतं यंदा?" दुसऱ्याला ते जायकवाडी वाटलं. जंजिरा आहे म्हटल्यावर तिसरे, पाटबंधारेतून निवृत्त झालेले, चष्मा पुसून जवळ गेले आणि म्हणाले, "किती टीएमसी असेल?" रंगाबद्दल, ओझोनबद्दल, अष्टमीबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. ज्या तालुक्यात आकाशाकडं फक्त ढगासाठी बघतात, तिथं हीच समीक्षा मिळणार, आणि तीच खरी.

तुम्हाला जायचं असेल तर पावसाळा संपल्यावरची अष्टमी बघा. होडीच्या नादी लागू नका. राजपुरीच्या धक्क्यावरून किल्ला पश्चिमेलाच दिसतो. मिठाचे तुषार पुसायला मऊ फडकं न्या. आणि शेवटची गाडी कधी सुटते ते आधीच विचारून ठेवा, कारण ती बहुधा त्याच वीस मिनिटांत सुटते.