स्कीममधले काकाजी

वर्ध्याच्या जुन्या भागात फ्लॅट स्कीम उभी राहिली की बिल्डर लिफ्ट नंतर देतो, नळाला पाणी त्याहून नंतर; काकाजी मात्र पहिल्या दिवसापासून असतात.

तीन मजले, बारा फ्लॅट, खाली एक मोबाइलचं दुकान, एक फॉल-पिकोवाला, आणि दुसऱ्या मजल्यावर रस्त्याच्या अंगाला काकाजी. निवृत्त, शाळेतून, पाटबंधाऱ्यातून नाहीतर जिल्हा परिषदेतून. पूर्वी याच जागेवर त्यांचं घर होतं. अंगण, विहीर, लिंबाचं झाड आणि चार भाऊ. वाटण्या झाल्या, विहीर बुजली, झाड गेलं आणि काकाजींच्या हिश्श्याला टू बीएचके आला. म्हणजे हा माणूस स्वतःच्याच अंगणाच्या वर वीस फुटांवर राहतो. याचं त्यांना वाईट वाटतं का, ते आजवर कुणाला कळलेलं नाही. कारण विचारलं की ते अंतरं सांगायला लागतात.

बजाज चौक दोन मिनिटं. लक्ष्मीनारायण मंदिर दोन मिनिटं. गोल बाजारही दोनच, भाव करत बसलात तर पाच. दवाखाना, सराफ, पिठाची गिरणी, सगळं दोन मिनिटांवर. जावई मे महिन्यात मगनवाडीपर्यंत पायी जाऊन आले आणि घामाघूम होऊन सोफ्यावर पडले, तेव्हा काकाजींनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, "तुम्ही हळू चालून राह्यले जावईबापू."

इतिहास ही वर्ध्यात दुर्मीळ वस्तू नाही. खडा भिरकावला तर कुठल्या ना कुठल्या पाटीला लागतो. पालकवाडीच्या जागी १८६६ मध्ये गाव वसलं, जमनालाल बजाजांनी १९२८ मध्ये लक्ष्मीनारायण मंदिर दलितांना खुलं केलं, १९३४ मध्ये गांधीजी वर्ध्यात आले आणि ३० एप्रिल १९३६ ला सेगावी गेले, ज्याचं पुढे सेवाग्राम झालं. एवढं इथल्या सहावीतल्या पोराला पाठ असतं. काकाजींचं काम त्यापुढे सुरू होतं.

"बापू सेगावले गेले ना, ते इथूनच गेले."

"इथून म्हणजे कुठून, काकाजी?"

"आपल्या पार्किंगमधून."

त्या काळी तिथे काकाजींच्या आजोबांचा गोठा होता आणि सेगावला जाणारा माणूस लोकांच्या गोठ्यात कशाला शिरेल, हा प्रश्न कुणी विचारत नाही. कारण नेमक्या त्याच ऐतिहासिक जागी काकाजींची जुनी बजाज चेतक उभी असते. चाकांतली हवा गेलेली, वर ताडपत्री, ताडपत्रीवर मांजर. गेल्या दिवाळीत तळमजल्यावरच्या नव्या भाडेकरूनं ती हातभर सरकवून आपली कार लावली. संध्याकाळपर्यंत त्याला १९३६ साल पूर्ण समजावून देण्यात आलं. आता तो बिचारा कार रस्त्यावर लावतो आणि वर काकाजींना नमस्कारही करतो.

स्कीमच्या वार्षिक सभेत तर त्यांना आवरणं कठीण. काँग्रेस कार्यसमितीनं इंग्रजांना चालते व्हा म्हणणारा ठराव १४ जुलै १९४२ रोजी वर्ध्यातच केला, हे खरं आहे आणि ते दरवर्षी सांगितलं जातं. "या गावात झालेल्या ठरावानं साम्राज्य हाललं!" इथे टाळ्या पडतात. मग चहा येतो, चिवडा येतो, आणि वरची पाण्याची टाकी धुवायचा ठराव पुढल्या सभेवर जातो. टाकी साम्राज्याहून चिवट निघाली आहे.

लिफ्ट बंद पडली की काकाजी मेंटेनन्स थांबवतात. त्याला ते असहकार म्हणतात. लिफ्ट सुरू झाल्यावरही तो चालूच राहतो, कारण आंदोलन मागे घ्यायला योग्य वेळ यावी लागते. सेक्रेटरी पावतीपुस्तक घेऊन आला तर त्याला आत बसवतात, गोरसपाक पुढे ठेवतात. "चहात बुडवू नका जी, विरघळते." दोन गोरसपाक संपेपर्यंत सेक्रेटरीला पैशाचं बोलायची लाज वाटायला लागते. जिभेवर साजूक तूप असताना थकबाकी हा शब्द तोंडातून निघत नाही.

उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेला की काकाजींचं खरं राज्य. गॅलरीत लोखंडी स्टँडवर त्यांचा कूलर, ताट्या वाळ्याच्या. संध्याकाळी सहाला ते बनियनवर बाहेर येतात, स्वयंपाकघरातल्या नळाला लावलेला हिरवा पाइप कूलरच्या टाकीत सोडतात आणि रस्त्यावरच्या ओळखीच्या माणसाशी बोलायला वाकतात. बोलणं वाढतं, टाकी भरते, पाणी कडेनं ओसंडून खालच्या जोशीकाकूंच्या वाळत घातलेल्या कुरडयांवर. वरून आवाज येतो, "आता थांबवतोच बाप्पा!" कुरडया दुसऱ्यांदा वाळतात. गच्चीवर वाळवल्या असत्या, पण गच्चीची किल्ली कुणाकडे असते, हे सांगायला नको.

परवा पुण्याहून एक पाहुणे आले. त्यांना मगन संग्रहालय पाहायचं होतं. गांधीजींनी १९३८ मध्ये उघडलेलं, ग्रामोद्योगांना वाहिलेलं. चरखे पाहायला लोक लांबून येतात. काकाजी तिथे शाळेच्या सहलीबरोबर एकदा गेले होते. त्यानंतर नाही, कारण जवळच आहे, केव्हाही जाता येतं. पाहुण्यांसाठी ते निघाले. फॉल-पिकोवाल्यानं हटकलं. चौकात जुना विद्यार्थी भेटला, त्यानं वाकून नमस्कार केला, त्याच्या मुलीच्या स्थळाची चौकशी झाली. पानठेल्यावर राजकारण झालं. कपड्याच्या दुकानात गादीवर बसून ताक झालं. तिथे २०२३ चं साहित्य संमेलन निघालं, त्यावरून १९६९ चं वर्ध्यातलंच संमेलन निघालं. पोचले तेव्हा दाराला कुलूप. पाहुण्यांनी बंद दारासमोर फोटो काढला. काकाजी मधोमध उभे, जणू त्यांनीच बंद केलंय.

घरी आले तर काकू भाजी निवडत होत्या. पाहुण्यांची हकिकत ऐकून म्हणाल्या, "मी सकाळीच जाऊन आली ना. चादर आणली." काकूंना अंतरं तोंडपाठ नाहीत. त्या नुसत्या जातात.

मुलगा पुण्यात हिंजवडीला. चौदावा मजला, तीन लिफ्ट, खाली पोहण्याचा तलाव. "बाबा, इथेच राहा आता," म्हणून त्यानं दोघांना नेलं. चार दिवस काकाजी गप्प होते. बाल्कनीतून खाली पाहिलं तर माणसांची डोकी ओळखू येत नव्हती. पाचव्या दिवशी ते खाली उतरले आणि ज्येष्ठ नागरिकांच्या बाकावर जाऊन बसले. सहाव्या दिवशी बाकावरच्या मंडळींना मराठ्यांचे घोडे नेमके कुठून गेले ते कळलं. सातव्या दिवशी पाच जणांनी मेंटेनन्स थांबवला. आठव्या दिवशी सोसायटीच्या सेक्रेटरीनं स्वतःच्या खिशातून महाराष्ट्र एक्स्प्रेसची दोन तिकिटं काढून आणून दिली. वर्ध्यापर्यंत, कन्फर्म, दोन्ही खालचे बर्थ.