शहाणा शेजार

लेकरांना धोका कुठून असतो, हे आम्हा मावळकरांना पक्कं ठाऊक आहे. तो एक्सप्रेस वेवरून येतो. शनिवारी भुशी धरणाच्या पायऱ्यांवर बसून कणीस खातो, टायगर पॉइंटला धिंगाणा घालतो आणि रविवारी चिक्कीचे पुडे घेऊन घाट उतरतो. त्यामुळे पोरांना एकच धडा पुरतो : अनोळखी माणसाकडून चॉकलेट घ्यायचं नाही. ओळखीच्याकडून खुशाल घ्यावं.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग मात्र दरवर्षी छापतो, की पोक्सो या बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याखालच्या बलात्काराच्या गुन्ह्यांत शंभरातले नव्वदहून अधिक आरोपी त्या मुलाच्या ओळखीचेच असतात. शेजारी, नातेवाईक, घरी येणारे-जाणारे. छापू देत. आपण वाचत नाही, म्हणजे फिटंफाट.

२ ऑगस्ट २०२२ला पवन मावळातल्या कोथुर्णे गावातून सात वर्षांची एक मुलगी नाहीशी झाली आणि मग तिचा मृतदेहच सापडला. आरोपी गावातलाच निघाला. मार्च २०२४मध्ये पुण्याच्या विशेष न्यायालयाने त्याला फाशी सुनावली. पुरावा नष्ट केल्याबद्दल त्याच्या आईलाही शिक्षा झाली. यावर विनोद करण्याइतकं धारिष्ट माझ्यात नाही.

अशा वेळी आपण मेणबत्त्या आणतो, बाजारपेठ बंद ठेवतो, फाशीची मागणी करतो. फाशीची मागणी मला फार पसंत आहे. ती सगळं घडून गेल्यावर करायची असते, त्यामुळे आधी कुणालाच काही करावं लागत नाही.

आणि हे तर पेपरात येणारं. न येणारं किती सोपं! भिंतीपलीकडे रात्री पोर किंचाळलं, तर टीव्हीचा आवाज वाढवावा. दारू प्यालेला बाप ‘वळण लावतो’ आहे, आणि वळण ही ज्याच्या त्याच्या घरची बाब. अजून रांगताही न येणाऱ्या बाळाच्या गालावर काळानिळा डाग दिसला, तर ‘पाळण्यातून पडलं’ हे लगेच पटवून घ्यावं. डॉक्टर लोक अशा डागाला धोक्याची घंटा म्हणतात. रडणारं तान्हं रागाने गदागदा हलवलं, तर डोक्यात रक्तस्राव होऊन ते दगावू शकतं, असंही सांगतात. पण डॉक्टरांना काय, त्यांना शेजारी राहायचं नसतं.

गाव बाल संरक्षण समिती नावाची एक वस्तू सरकारने कागदावर गावोगाव दिली आहे. सरपंच अध्यक्ष. आपल्या गावची समिती शेवटची कधी बसली, हे ग्रामसभेत विचारू नये. रस्ता, गटार, पाणी यांतून वेळ उरत नाही, आणि मुलं तर मतदारही नसतात.

लॉस एंजेलिसमध्ये १९७८ साली एक गट बसवला गेला. पोलीस, डॉक्टर, समाजसेवक एकत्र बसून संशयास्पद बालमृत्यूचं प्रत्येक प्रकरण उलगडायचे : कुणाला काय दिसलं होतं, कोण गप्प राहिलं, कुठल्या दारावर वेळेत थाप पडायला हवी होती. आपल्याकडे ‘नशीब’ म्हटलं की फाईल बंद. एका शब्दात काम, चहासुद्धा लागत नाही.

पोक्सो कायद्याच्या एकोणिसाव्या कलमाने लैंगिक अत्याचाराची नुसती धास्ती वाटली तरी कळवण्याची सक्ती केली आहे. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर कारवाई होत नाही. म्हणजे गप्प बसणं हा धोका, बोलणं सुरक्षित! कायदा करणाऱ्यांनी कधी चाळीत दिवस काढलेले दिसत नाहीत.

तरीही कुणाला नाक खुपसण्याची खाज सुटलीच, तर १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि पैसे पडत नाहीत. लावण्याआधी नीट विचार करा. पलीकडे खरंच कुणीतरी फोन उचलतं.