मल्लेश्वरमचा जलविहार

बंगळूरला आलेला मराठी पाहुणा पहिल्याच दिवशी दोन चौकशा करतो. इथली नदी कुठे आणि इथे आपलं काय? मल्लेश्वरमच्या टेम्पल स्ट्रीटवर दोन्ही उत्तरं समोरासमोर मिळतात.

काडु मल्लेश्वराच्या देवळात 1669 चा शिलालेख आहे. शिवरायांचे सावत्र भाऊ व्यंकोजी यांनी मेदरनिंगनहळ्ळी हे गाव देवाला दिल्याची त्यात नोंद आहे. हे ऐकताच पाहुण्याची छाती फुगते आणि तो बाहेरच्या फुलवालीशी मराठीत बोलू लागतो. ती कन्नडमध्ये पाच रुपये वाढवून सांगते. पुढे मराठ्यांच्या हातचं हेच बंगळूर तीन लाखांना म्हैसूरच्या वाडियारांकडे गेलं, असं म्हणतात. हे मात्र त्याला जेवणाआधी सांगू नये. आजचा भाव काढत बसतो आणि ताट तसंच राहतं. तीन लाखांत आता या भागात गाडी उभी करायला जागा मिळाली तरी देव पावला.

नदी रस्त्यापलीकडे, नंदीतीर्थात. वृषभावती इथूनच निघते, अशी श्रद्धा. नंदीच्या तोंडातून पाण्याची बारीक धार खालच्या शिवलिंगावर पडते, तिथून पायऱ्यांच्या कल्याणीत, म्हणजे कुंडात. हे सगळं 1997 पर्यंत मातीखाली गाडलेलं होतं. खणलं म्हणून वाचलं. नाहीतर वर एखादी इमारत उठली असती आणि तिला पाणी टँकरने आलं असतं. हीच वृषभावती पुढे केंगेरीजवळ पाहायची असेल, तर गाडीच्या काचा आधी वर करा.

मधे सीटीआर हॉटेलचा बेण्णे दोसा. रांग देवळापेक्षा मोठी, भक्तिभावही जास्त. पाहुणा म्हणतो, ‘लोणी जरा जास्तच आहे,’ आणि दुसरा मागवतो.

संध्याकाळी सँकी तळं. कर्नल सँकीसाहेबांनी 1882 मध्ये ते बांधलं, शहराला पाणी मिळावं म्हणून. आता त्याला मुख्य काम एकच: भोवती फिरून लोकांचं वजन उतरवणं. तळ्याकडे तोंड असलेल्या फ्लॅटला भाव जास्त. नळाला पाणी येतं ते कावेरीचं, शंभरेक किलोमीटरवरून पंपाने चढवलेलं. 2024 च्या उन्हाळ्यात शहरभर बोअरवेली आटल्या, तेव्हा खिडकीतून तळं बघत टँकरची वाट पाहण्याचं भाग्य काहींना लाभलं असणार. याला म्हणतात लेक व्ह्यू.

शहरात तळी काही कमी नव्हती. संपंगी तळ्यावर आता कंठीरवा स्टेडियम आहे. धर्मांबुधी तलावाच्या तळाशी मॅजेस्टिकचं बसस्थानक. बांधणारे केंपेगौडा आणि त्यांच्या मागचे राजे अडाणी असावेत. पाऊस पडला की पाणी साठवायचं, एवढंच त्यांना सुचलं. आपण तिथे बसगाड्या साठवल्या.

तेव्हा परतीची गाडी मॅजेस्टिकहून असेल, तर धर्मांबुधीचं दर्शन वेगळ्या तिकिटाशिवाय होतं. फक्त पावसाळ्यात जाणार असाल तर जुन्या चपला घाला.