नाना ग्रबवाले

निवृत्त माणसानं सकाळी फिरायला जावं, हास्यक्लबात हसावं. आमच्या मजल्यावरचे नाना सकाळी ग्रब दुरुस्त करतात.

त्यांच्याकडं कोअर टू ड्युओचा जुना पीसी आहे. रॅम दोन जीबी, आणि एकाच हार्ड डिस्कवर विंडोज सेव्हन आणि लिनक्स अशी दोन बिऱ्हाडं. पीसी सुरू होताना कुणाच्या दारात जायचं ते विचारणारा मेनू म्हणजे ग्रब. विंडोज सेव्हनला कंपनीनं १४ जानेवारी २०२० ला रामराम ठोकला, नानांनी नाही. "मग दोन्ही कशाला?" असं विचारू नये. विचारणारा तासभर अडकतो आणि चहा एकदाच मिळतो.

"डिस्कच्या तोंडाशी ५१२ बाइट्स," नाना सुरू होतात. "४४६ बूट कोडला, ६४ पार्टिशन टेबलला, शेवटचे दोन सहीला. सही नसेल तर फाईल पुढं सरकत नाही." हे सांगताना त्यांच्यातला हेडक्लार्क फुलून येतो. "विंडोज परत टाकलं, की ते त्या ४४६ वर खुशाल आपला कोड लिहितं. ग्रब गेला!"

विंडोजवर आळ घेणं सोपं. परवाचा पराक्रम मात्र त्यांचा स्वतःचाच. जागा हवी म्हणून एक रिकामं पार्टिशन उडवलं. मागच्याचा नंबर सहावरून पाचावर आला आणि ग्रब सहालाच शोधत बसला. काळ्या पडद्यावर 'ग्रब रेस्क्यू' एवढंच. नानांनी पिवळी पडलेली वही काढली, एका बोटानं 'एलएस' टाइप केलं, एकेक पार्टिशन धुंडाळलं, 'सेट प्रीफिक्स' करून पाचाचा पत्ता दिला, 'इन्समॉड नॉर्मल', 'नॉर्मल'. मेनू उगवला. चेहऱ्यावर असं तेज, की मुलीच्या लग्नातही दिसलं नव्हतं. (काकूंचं मत.)

घड्याळाचं दुखणं वेगळंच. लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात ग्रीनिचची वेळ ठेवतं, विंडोज तीच इथली समजतं. त्यामुळं लिनक्समधून विंडोजमध्ये गेलं की सकाळच्या सातला रात्रीचा दीड. एका कमांडनं मिटणारं प्रकरण, पण नाना बोटांवर मोजून साडेपाच तास मिळवतात. त्यात मदरबोर्डवरचा बटणासारखा सेल मेलेला. वीज गेली की पीसी थेट २००९ मध्ये, आणि मग बँकेची साइट 'प्रमाणपत्र वैध नाही' म्हणून दार लावून घेते.

काकूंना हवं होतं फक्त लाइटबिल. "अहो, तेवढं छापता का?" प्रिंटर विंडोजमध्येच चालतो, बिल लिनक्समध्ये उतरवलेलं. "पाच मिनिटं!" नाना म्हणाले आणि वही उघडली. काकूंनी चपला घातल्या.

झेरॉक्सवाल्याकडून बिल छापून परत आल्या, तर नाना टॉर्च घेऊन कॅबिनेटमध्ये डोकं घालून बसलेले. कागद उलटसुलट पाहून त्यांनी विचारलं, "त्याच्याकडं सिस्टीम कुठली?"

"सुरू होते ती," काकू म्हणाल्या.