खडीकरण

आमच्याकडे माणसाची अर्धी हयात खडीच्या रस्त्याशी भांडण्यात जाते. आधी नुसती पाणंद असते. मग कधीतरी मुरूम पडतो. दोन निवडणुका झाल्या की खडीकरण होतं, आणि डांबरीकरण कायम ‘मंजूर’ असतं. आमच्या गावच्या दीड किलोमीटरसाठी वडिलांनी अकरा वर्षं अर्ज केले. ज्या दिवशी डांबर पडलं त्या दिवशी घरात पुरणपोळी झाली. अशा माणसाच्या मुलानं वयाच्या ४९व्या वर्षी १,२०,००० रुपये मोजून एक सायकल घेतली, जी चालवायला डांबर नसलेला रस्ता हुडकत हिंडावं लागतं.

सुरुवात डॉक्टरांनी केली. साखर ‘काठावर’ आहे म्हणाले. सांगलीत साखर काठावर असणं म्हणजे कृष्णेचं पाणी पायरीला लागण्यासारखंच. माणूस लगेच सामान वरच्या मजल्यावर हलवतो. मी सायकल घ्यायचं ठरवलं. बायको म्हणाली, “अहो, चालायला पैसे पडत नाहीत.” पण पुण्याच्या भाच्याचा सल्ला मला जास्त शास्त्रीय वाटला. तो म्हणाला, “मामा, ग्रॅव्हल घ्या.” ग्रॅव्हल म्हणजे खडी. शर्यतीच्या सायकलसारखं मेंढ्याच्या शिंगाचं हँडल, पण टायर चाळीस मिलिमीटर रुंद, नक्षीचे, आणि चढासाठी अगदी हलके गिअर. अमेरिकेत कॅन्सस राज्यात एम्पोरिया नावाचं गाव आहे. तिथल्या चकमकीच्या दगडांच्या कच्च्या रस्त्यांवर २००६ पासून २०० मैलांची शर्यत होते आणि लोक पैसे भरून तिच्यात पडतात. २०२२ पासून तर या प्रकाराची जागतिक अजिंक्यपद स्पर्धाही निघाली. पहिली इटलीत झाली. हे ऐकून माझा ऊर भरून आला. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ या तालुक्यांनी जे पिढ्यान्‌पिढ्या फुकट भोगलं, त्याला आता पदकं मिळत होती.

पहिली मोहीम जानेवारीत दंडोबाच्या डोंगरावर काढली. मिरजेच्या पूर्वेला भोशाजवळचा हा डोंगर आमच्या भागातल्या लोकांचं महाबळेश्वर आहे. वर डोंगरात कोरलेलं देऊळ, खाली द्राक्षबागा. अंगात भडक पोपटी सदरा आणि खाली बुडाला गादी शिवलेली चड्डी घालून मी निघालो. या चड्डीबद्दल एवढंच सांगतो, की ती सायकलवर बसल्यावर सुखाची असते आणि उतरल्यावर कुणासमोर उभं राहण्यासारखी नसते.

डोंगराच्या पायथ्याला, माळावरच्या कच्च्या वाटेनं जेमतेम अर्धा किलोमीटर गेलो असेन. दोन्ही चाकं बसली. बघतो तर टायरला सराटे. लहानपणी अनवाणी पायांत रुतून आपल्याला नाचवणारा तोच तिकोनी काटा. मी एकवीस मोजले आणि मग मोजणं सोडलं. खरं म्हणजे माझे टायर ट्यूबलेस होते. त्यांच्या आत एक दुधासारखं पातळ औषध असतं, काटा घुसला की ते भोकात जाऊन गोठतं आणि हवा कोंडून धरतं. हे दूध तीन-चार महिन्यांनी सुकतं, तेव्हा बदलत चला, असं दुकानदारानं बजावलं होतं. मी तेव्हा मान हलवत आरशात पोपटी सदरा बघत होतो.

सायकल ढकलत पंढरपूर रस्त्यावरच्या पंक्चरवाल्याकडे आलो. त्यानं टायर एका बाजूनं उचकटला, आत हात घालून फिरवला, परत फिरवला आणि माझ्याकडे दयेनं बघितलं.

“काका, ट्यूब चोरीला गेलीय.”

“नाही, ती नसतेच.”

“म्हंजे मोटारसायकलवाणी म्हणा की!” तो खूश झाला. त्यानं सगळे काटे उपटले, जिथं हवी तिथं रबराची वळी खुपसली, वर माझ्याच पिशवीतली दुधाची बाटली ओतून दिली. आता फक्त हवा. कॉम्प्रेसरची नळी आणली आणि आम्ही दोघेही गप्प झालो. माझ्या सायकलचा व्हॉल्व्ह फ्रेंच पद्धतीचा, पेन्सिलीच्या टोकाएवढा बारीक; त्याच्या नळीचं तोंड मोटारसायकलचं. मधे लावायची पितळी टोपी येते, चाळीस रुपयांना. माझी टोपी सांगलीत, टीव्हीखालच्या खणात सुरक्षित होती. मी द्राक्षांच्या क्रेटवर बसून पिकअपमधून मिरजेला आलो. ड्रायव्हरनं माझ्या चड्डीकडे बघून विचारलं, “दवाखान्यात सोडू का?”

माणसानं इथं थांबावं. मी साताऱ्याला गेलो.

त्यामागे विचार होता. सराटे आमच्या कोरड्या माळावर. तिकडं सह्याद्री, तलाव, तांबडी माती. साताऱ्याहून यवतेश्वराचा घाट चढायचा, कासचं पठार ओलांडायचं, कास तलावाकाठी थांबायचं, मग बामणोलीकडे उतरून शिवसागर जलाशयाचं पाणी गाठायचं आणि मधे कुठंतरी डांबर सोडून कच्च्या वाटेला लागायचं. कासच्या पठारावर फुलं बघायला लोक ऑगस्ट ते ऑक्टोबर येतात. पश्चिम घाटातली जी ठिकाणं २०१२ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेली त्यांत कास आहे. गर्दी टाळावी म्हणून मी फेब्रुवारीत गेलो. गर्दी टळली, फुलंही टळली. राहिला तो जांभ्याचा काळातांबडा, भाजलेला सडा आणि मी. तेव्हा त्या सड्यावर चाकसुद्धा घालायचं नाही हे मात्र मला माहीत होतं. सुकलेल्या दिसणाऱ्या त्या इंचभर मातीतच पुढच्या पावसाची फुलं झोपलेली असतात.

पण ते वर पोचल्यावर. आधी घाट. साताऱ्याची डोंगरातली अर्धमॅरेथॉन याच घाटात होते. लोक इथं पळत चढतात. मी सर्वांत हलका गिअर टाकला. या गिअरात पाय भिंगरीसारखे फिरतात आणि सायकल विचार करत राहते. दुसऱ्या वळणावर डोक्यावर मोळी घेतलेल्या एक आजी मला मागे टाकून गेल्या. चौथ्या वळणावर त्या दम खायला बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, “बस की रं बाबा.” मी बसलो.

सांगलीकराला चढाची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. म्हैसाळ, ताकारी, टेंभू या आमच्या सगळ्या योजना म्हणजे कृष्णेचं पाणी पंपानं टप्प्याटप्प्यानं वर चढवण्याचा खटाटोप, आणि पाण्याइतकीच चर्चा त्यांच्या वीजबिलाची. सातारकरांचा कारभार उलटा आहे. कोयनेचं पाणी शिवसागरात अडवायचं आणि पश्चिमेला डोंगरातल्या बोगद्यांतून खाली पोफळीकडे सोडायचं. पडता पडता ते वीज देतं आणि वाशिष्ठीला जाऊन मिळतं. म्हणजे खाली उतरून पैसे मिळवायचे. मी आमच्या जिल्ह्याची योजना त्यांच्या जिल्ह्यात राबवत होतो, आणि बिल गुडघ्यांच्या नावावर येत होतं.

पंचवीस किलोमीटरला साडेतीन तास लागले. समुद्रसपाटीपासून साधारण १,२०० मीटरवर तलावाच्या काठाला बसून मी कंदी पेढे खाल्ले. सात. साखर काठावर असली तरी आपणही काठावरच आहोत, असा विचार केला. समोर पाणी इतकं स्वच्छ आणि गप्प होतं, की माझ्याच घशातली धाप मला परक्या माणसाची वाटत होती. साताऱ्यातली निम्मी माणसं हे पाणी पितात आणि तरी कामाला जातात, याचं नवल वाटलं.

मग उतार. बामणोलीच्या रस्त्यावर एक फाटा भाच्यानं नकाशात तांबड्या तुटक रेघेनं काढून दिला होता: सहा किलोमीटर शुद्ध खडी, थेट पाण्यापर्यंत. फाट्यावर वळलो. खरोखर खडी! टायर कुरकुरले, हँडल थरथरलं, दातांवर दात वाजले. त्यासाठीच तर लाखभर मोजले होते. एका वळणावर धूर दिसला आणि ओळखीचा वास आला.

डांबराचा.

रोलर उभा होता. बॉयलरखाली जाळ. मांडव नव्हता, पण सतरंजी होती, आणि सगळी वाडी नवे कपडे घालून रस्त्याच्या कडेला उभी होती. मी ब्रेक दाबले.

“काय वं पाव्हणं, कुठनं आलासा?”

“सांगलीहून. इथं… डांबर पडतंय?”

“तर! आजच.”

“सगळ्या रस्त्यावर?”

“पार पाण्यापतोर. काय काळजी करू नगासा, पुढच्या बारीला झोकात जाशीला.”

“नाही, म्हणजे,” मी म्हणालो, “मी खडीसाठीच आलोय.”

एकदम शांतता झाली. फेटेवाले एक आजोबा पुढं आले. त्यांनी माझा सदरा, चड्डी आणि शिरस्त्राण नीट पाहिलं. “खडीसाठी? क्रशर कुठला तुमचा?”

मी क्रशरवाला नाही, हे पटायला पाच मिनिटं गेली. सायकल खडीवर चालवायला आलोय, हे शेवटपर्यंत कुणाला पटलं नाही. आजोबांनी सायकलची किंमत विचारली. मी वीस हजार सांगितले. तेही त्यांना जास्त वाटले. मग त्यांनीच सांगितलं, की पावसाळ्यात या रस्त्यानं बाळंतिणीला झोळीतून न्यायला लागायचं, एसटी फाट्यावरच थांबायची आणि त्यांच्या अर्जांची फाईल उशीएवढी झाली होती. मी मान खाली घातली. चड्डी दिसली, म्हणून परत वर केली.

नारळ वाढवायला यायचे ते साहेब दुसरीकडे अडकले होते. डांबर तापलं होतं, ते काही साहेबांसाठी थांबत नाही. कुजबुज झाली. आजोबा म्हणाले, “लांबचा पाव्हणा आलाय, सायकलवर आलाय. त्याच्याच हातनं वाढवा.”

“अहो, मी कशाला…”

हातात नारळ आला. पोरांनी मोबाइल वर धरले. मला आमच्या गावचा दीड किलोमीटर आठवला. तिथं नारळ तालुक्याच्या कुणा पुढाऱ्यानं फोडला होता आणि वडील गर्दीत मागं उभे होते. मी पोपटी सदरा खाली ओढला, खडीतला एक चांगला टोकदार दगड निवडला आणि नारळ आपटला. फुटला नाही. दुसऱ्यांदा आपटला, तो निसटून उतारानं गडगडत निघाला आणि एक पोरगं त्याच्यामागे धावलं. तिसऱ्यांदा फुटला. पाणी सगळं माझ्या चड्डीच्या गादीत गेलं.