चोर निदान माणूस तरी असावा

माथेरानच्या हॉटेलातून आमची बॅग गेली, तेव्हा बॅगेपेक्षा मला चोराची काळजी जास्त होती. म्हणजे तो कोण, याची. चोरी होण्यालाही एक प्रतिष्ठा असते. कुणीतरी आपल्यावर पाळत ठेवायची, आपली चालढाल पाहून ‘या असामीकडे घबाड असणार’ असा अंदाज बांधायचा, पकडलं जाण्याची जोखीम पत्करायची. एवढं तर सख्खा मेहुणाही आपल्यासाठी करत नाही. त्यामुळे मॅनेजरने उघड्या खिडकीकडे एक नजर टाकून “माकड असणार, साहेब,” म्हटलं, ते मला लागलं.

खिडकी उघडी कुणी ठेवली, याबद्दल आमच्या घरात दोन मतं आहेत. त्यातलं एक फक्त माझं आहे.

“माकडाला चेन उघडता येते का?” मी उलटतपासणी सुरू केली.

“चेन कशाला उघडतील? अख्खी बॅगच नेतात.”

मी पोलिसांत जाणार असं जाहीर केलं. भारतीय न्याय संहिता 1 जुलै 2024 पासून लागू झाली आहे, राहत्या जागेतल्या चोरीला त्यात कलम 305 आहे आणि शिक्षा सात वर्षांपर्यंत आहे, हेही ऐकवलं. सात वर्षं हा आकडा मला माझ्या योग्यतेला साजेसा वाटला. मॅनेजरने शांतपणे वही काढली. “मग मालाची यादी सांगा. पोलीसही हेच विचारतील. वस्तू काय, जुनी की नवी, अंदाजे किंमत किती.”

इथे माझं कलम अडखळलं. काउंटरपाशी चेक-आउटसाठी गर्दी होती, आणि त्या गर्दीत सकाळी शार्लोट लेकवर भेटलेलं तरुण जोडपंही होतं. त्यांना मी सह्याद्रीतल्या माझ्या भटकंतीबद्दल बरंच काही सांगून बसलो होतो.

“कपडे वगैरे,” मी म्हणालो.

“अहो, कपडे कुठे, कपडे माझ्या बॅगेत आहेत,” बायको म्हणाली. “लिहा हो. केसांचा रंग.”

“काळा?”

“काळाच. गुडघ्यांच्या पट्ट्या, दोन. इसबगोलचा डबा. आणि एक पट्टा.”

“कमरेचा?”

“आहे कमरेचा. बांधतात पोटाला. फोटोपुरता.”

आमच्या संसारात तिचा आवाज इतका खणखणीत मी फार क्वचित ऐकला आहे.

आता माकडांबद्दल थोडं सांगतो, कारण त्या प्रसंगानंतर मी या विषयात बराच खोल गेलो आहे आणि घरी कुणी ऐकून घेत नाही. बालीत समुद्राच्या कड्यावर उलुवाटू नावाचं देऊळ आहे. तिथली माकडं पर्यटकांचे चष्मे, चपला, मोबाइल पळवतात आणि खाऊ मिळाला की परत करतात. कॅनडातल्या लेथब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांनी या धंद्याचा अभ्यास केला, तो 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातून दिसलं ते असं, की वयाने मोठी झालेली माकडं माणसाला कुठली वस्तू प्यारी आहे हे ओळखतात. तीच वस्तू निवडून उचलतात आणि महागाच्या वस्तूला खाऊही जास्त किंवा चांगल्यातला मागतात. एका माकडाची घासाघीस 17 मिनिटं चालली होती. मंडईत कोथिंबिरीच्या जुडीसाठी मी इतका वेळ टिकलेलो नाही. बरं, ही विद्या जन्मजात नाही. पोरवयातली माकडं हाताला लागेल ते ओढतात. पारख अनुभवाने येते.

हे वाचल्यापासून मला एकच प्रश्न छळतो. आमचं माकड कोणत्या वयाचं होतं?

त्याच बालीत 2019 मध्ये एका भारतीय कुटुंबाच्या बॅगांतून हॉटेलच्या वस्तू एकेक करून बाहेर काढतानाचा व्हिडिओ देशभर फिरला होता. तो मला आठवण्याचं कारण निराळं आहे. माझी यादी लिहून झाल्यावर मॅनेजरने आमच्या मजल्यावर झाडलोट करणाऱ्या पोराला हाक मारली आणि त्याची पिशवी काउंटरवर उलटी केली. माकड असणार असं स्वतःच म्हणणाऱ्या माणसाने! मी त्या मुलाचं नावही काढलं नव्हतं, पण “साहेबांचं समाधान व्हायला पाहिजे” म्हणे. एक शर्ट, मोबाइलचा चार्जर, बामची बाटली, फडक्यात बांधलेली भाकरी. भोवती आम्ही पाहुणे मोठमोठ्या चाकांच्या बॅगा घेऊन उभे होतो. त्यातल्या किती बॅगांत हॉटेलचे टॉवेल होते, कोण जाणे. त्या उघडायचं कुणाच्या मनातही आलं नाही. पोराला मात्र याची सवय असावी. सांगण्याआधीच त्याने खिसेही उलटे करून दाखवले. मला त्या मॅनेजरचा इतका संताप आला की तोंडातून शब्द फुटेना. शब्द बायकोला फुटले. “भरा ते परत,” ती म्हणाली, आणि मॅनेजरने स्वतःच्या हाताने भाकरी फडक्यात बांधून पिशवीत ठेवली.

संध्याकाळी तोच मुलगा आमची बॅग घेऊन दारात उभा. “मागच्या जांभळीखाली होती, काका. खायचं नसलं की टाकून देतात.”

सगळं जागेवर होतं. रंगाची पुडी हुंगून बाजूला टाकलेली, पट्ट्यांना हातही लावलेला नाही. गेलं होतं फक्त इसबगोल. अर्धा डबा रिकामा होता, आणि दुसऱ्या दिवशी त्या माकडावर काय गुदरलं असेल या विचाराने मला कलम 305 पेक्षा जास्त समाधान मिळालं.

बायकोने त्याला बसवून चहा दिला. मी नोट पुढे केली, ती त्याने घेतली. मग बॅगेतल्या पट्ट्याकडे पाहत विचारलं, “काका, हा कुठे मिळतो? बाबांची कंबर गेलीये. हातरिक्षा ओढायचे.” माणसाने माणसाला ओढण्याची ही पद्धत सहा महिन्यांत बंद करा, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2025 मध्ये सांगितलं. कंबरांनी तोवर वाट पाहिलेली नसते.

पट्टा त्याला देऊन टाकला. घट्ट आवळायचा नाही, हे तेवढं मी अधिकारवाणीने सांगितलं.

“आणि आता उद्याचे फोटो?” तो गेल्यावर बायकोने विचारलं.

इको पॉइंटच्या फोटोत मी तिच्या मागे उभा आहे. पर्स तिने माझ्या पोटासमोर धरली आहे.